बांधावरची वाट

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



तुम्ही आता वाचायला शिकलात. एस.टी.ची पाटी वाचता, रेशनच्या पावतीवरचा आकडा वाचता. वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, आज नात्यागोत्यावर बोला. घराघरात धुसफूस फार वाढलीय." मी म्हटले, नात्यावर बोलायला मी कोण मोठा शहाणा? पण शेतकऱ्याच्या घरात जन्मलो, तेव्हा बांधावर बोलता येईल. बांधावरून चालत चालत घरात येऊ.

बांध म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. माझे रान इथे संपते आणि तुझे इथून सुरू होते, हे दाखवणारी मातीची उंच ओळ. पण बांध एवढेच काम करत नाही. तो पावसाचे पाणी अडवतो. पाणी अडले की माती राहते. बांधावर गवत येते, ते दोन्हीकडच्या जनावरांना होते. बांधावर एखादी बोर असते, बाभूळ असते, दुपारी भाकरी सोडायला सावली असते. आणि मुख्य म्हणजे बांधावरून वाट असते. या रानातला माणूस त्या रानात जातो तो बांधावरून. उभ्या पिकातून कोणी जात नाही.

जवळच्या एका वाडीतली गोष्ट सांगतो. दोघे सख्खे भाऊ. नावे सांगत नाही, कारण दोन्ही घरे अजून नांदती आहेत. वडील गेले, वाटणी झाली, मधे बांध पडला. दोन वर्षे बरी गेली. तिसऱ्या वर्षी धाकट्याच्या लक्षात आले की बांध बारीक झाला आहे. थोरला नांगरताना शेवटचे तास बांधाला घासून घेत होता. दर वर्षी चार बोटे. धाकटा काही बोलला नाही. त्यानेही आपल्या बाजूने चार बोटे घेतली. दोघे मिळून बांध खात होते, आणि दोघेही मनात म्हणत होते, सुरुवात त्याने केली.

मग एका वर्षी मोठा पाऊस झाला. खाऊन बारीक केलेला बांध फुटला. वरच्या रानातली काळी माती खालच्या रानातून वाहत ओढ्याला गेली. तिने कोणाचे रान थोरल्याचे आणि कोणाचे धाकट्याचे ते विचारले नाही. त्या दिवशी दोघे हातघाईवर आले. पोलीस झाले, कोर्ट झाले. अकरा वर्षे एकमेकांच्या दारात पाय नाही. थोरल्याच्या मुलीच्या लग्नात सख्खा चुलता मांडवाबाहेरून निघून गेला.

आता फळ्याकडे बघा. तुम्हाला गुणाकार येतो. भांडण किती जमिनीचे होते ते काढू. बांधाची लांबी २०० फूट. खाल्लेली रुंदी नऊ इंच, म्हणजे पाऊण फूट. २०० गुणिले पाऊण, झाले १५० चौरस फूट. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. ३३ गुणिले ३३, झाले १०८९. म्हणजे भांडणाची जमीन एका गुंठ्याचा सातवा हिस्साही नाही. कोरडवाहू ज्वारी एकरी ५ क्विंटल धरली, तर एवढ्या जमिनीत पावणेदोन किलो ज्वारी होईल. पावणेदोन किलो! घरातली चार माणसे दोन दिवस जेवणार नाहीत. आणि त्यासाठी तालुक्याला खेपा, वकिलाची फी, आणि पोटात अकरा वर्षांचा विस्तव.

मग ही माणसे वेडी होती काय? मुळीच नाही. मी दोघांनाही ओळखतो. व्यवहाराला चोख आहेत. खरे सांगायचे तर भांडण जमिनीचे नव्हतेच.

२००७ साली सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. गावोगाव समित्या झाल्या. काही समित्या नावालाच होत्या, हेही खरे. पण त्या गावच्या समितीत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी दोघा भावांना देवळात बसवले आणि पहिल्या दिवशी जमिनीचा विषयच काढू दिला नाही. म्हणाले, "तुम्हाला एकमेकांचं काय लागलं ते बोला. पण एक अट. एकानं बोललं की दुसऱ्यानं आधी तो काय म्हणाला ते सांगायचं. मगच आपलं सांगायचं."

धाकटा बोलला, "दादानं माझी शाळा सोडवली. मला सातवीनंतर गुरामागं लावलं आणि सगळ्यांना सांगितलं की ह्याचं डोकं चालत नाही." म्हाताऱ्याने थोरल्याला विचारले, "काय म्हणाला तो?" थोरला म्हणाला, "त्याला जमीन जास्त पाहिजे." म्हातारा म्हणाला, "तसं तो म्हणालाच नाही. पुन्हा ऐक." तीन वेळा धाकट्याने तेच सांगितले, तेव्हा थोरल्याच्या कानात ते शिरले. मग थोरला बोलला. बाप गेला त्या साली घरात खायला नव्हते. याची शाळा चालू ठेवली असती तर बहिणीचे लग्न राहिले असते. "मी तरी कुठं शिकलो? पण मला कोणी विचारलं का?" असे म्हणून तो गडी लहान पोरासारखा रडला. आणि धाकट्याला ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली. एका घरात वाढलेली माणसे ही!

समजून घेणे म्हणतात ते एवढेच आहे. समोरच्याचे खरे आहे असे कबूल करणे नव्हे. तो काय म्हणतो आहे, ते आधी नीट कानावर येऊ देणे. आपण बहुतेक जण दुसरा बोलत असतो तेव्हा आपले उत्तर जुळवत असतो. मीही तसाच होतो. मास्तर मंडळींना ही खोड जास्त असते.

पण मंडळी, देवळात रडून जमिनीचा प्रश्न सुटत नाही. नुसत्या गोडीवर सोडून दिले असते तर पुढच्या नांगरटीला पुन्हा तेच झाले असते. म्हणून दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला. मोजणी कशी होते ते माहीत असू द्या. तालुक्याला भूमी अभिलेख खात्याचे उपअधीक्षक असतात. त्यांच्या कार्यालयात अर्ज आणि फी भरायची. मोजणीदार येण्याआधी शेजारच्या खातेदारांनाही नोटीस जाते. पूर्वी साखळीने मोजत, आता रोव्हर नावाचे यंत्र आणतात. मोजणी झाल्यावर हद्दीच्या खुणा दाखवतात आणि नकाशा मिळतो. त्याला "क" प्रत म्हणतात. "क" हे अक्षर तुम्हाला आता ओळखता येते, तेव्हा कागद हातात घेऊन बघायचा. विहीर सामाईक असेल तर कोणाचा किती हिस्सा ते सातबाऱ्यावर "इतर हक्क" या रकान्यात लिहिलेले असते. तेही वाचायचे.

हद्दीचा दगड बसला. दुसऱ्या दिवशी दोघे एका ताटात जेवले, असे मी सांगणार नाही. तसे झाले नाही. पण नवा बांध घातला तो दोघांनी मिळून. आणि त्यात त्यांनी सांडवा ठेवला.

सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जायला दगड लावून ठेवलेली वाट. ज्या बांधाला सांडवा नसतो तो दिसायला भक्कम असतो, पण पाणी तुंबते आणि एका रात्री सगळाच फुटतो. माणसाचेही असेच होते. धाकट्याने पहिल्याच वर्षी म्हटले असते, "दादा, शेवटचं तास थोडं अलीकडून घ्या, बांध खचतोय," तर थोरला रागावला असता. चार दिवस घुश्शात राहिला असता. पण अकरा वर्षे गेली नसती. आपल्याकडे न बोलणाऱ्याला सोशिक म्हणतात, त्याचे कौतुक करतात. मला ते कौतुक पटत नाही. खुपले ते वेळेवर बोलावे. आणि बोलताना त्या एका गोष्टीपुरते बोलावे. "तास अलीकडून घ्या" हे बोलणे झाले. "तू पहिल्यापासूनच लुच्चा" हे बोलणे नव्हे, ती शिवी झाली.

आता घरात येऊ.

घरातही प्रत्येकाचे थोडे थोडे रान असते. सुनेची माहेरची ट्रंक असते. म्हाताऱ्या सासऱ्याची आपली खाट असते, आपली तंबाखूची चंची असते. मुलाच्या वह्या असतात. बायकोचे बचत गटाचे पासबुक असते. याला हात लावण्याआधी विचारावे. घर एक, चूल एक, हे ठीक. पण चूल एक असली तरी पोट ज्याचे त्याचे असते.

मागच्या आठवड्यात याच वर्गातल्या एका आजीबाईंनी मला विचारले, "गुरुजी, सून माहेरी फोनवर बोलायला लागली की दार लोटून घेते. माझ्या चहाड्या सांगत असेल का?" मी म्हटले, "आजी, सांगतही असेल. तुम्ही सासुरवाशीण होता तेव्हा माहेरी गेल्यावर सासूच्या ओव्या म्हणत होतात काय?" सगळ्या बायका हसल्या. आजीही हसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा मला आईजवळ बोलायला वर्षातून एकदा मिळायचं. पंचमीला." मी म्हटले, "तिला रोज मिळतं, हे बरं नाही का?" आजी काही बोलल्या नाहीत. पण परवा मला वाटेत थांबवून म्हणाल्या, "सुनंला म्हटलं, बाई, दार लाव हो, पण आईला माझा रामराम सांग." आता सून फोनवर बोलली की कधी कधी फोन आजींच्या हातात देते. दार लावायची मोकळीक दिल्यावर ते अर्धे उघडेच राहू लागले.

बहिणीच्या वाट्याचे बोलायला हवे. हा विषय निघाला की पुरुष मंडळी खाली बघतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला. २००५ साली कायदा सुधारला आणि वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला. त्या वेळी बाप हयात असला पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. कायदा असा आहे. आणि आपण काय करतो? भाऊबीजेला बहीण येते, ताट ओवाळते, आणि ओवाळणीबरोबर तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. वर कोणीतरी म्हणते, "सही कर बाई, माहेर टिकंल."

काही बहिणी आनंदाने हक्क सोडतात. भाऊ गरीब, आपले बरे चालले आहे, असा विचार करतात. ती तिची मर्जी. पण मर्जी म्हणजे आधी वाटा किती ते तिला सांगावे, कागद घरी न्यायला द्यावा, विचार करायला दिवस द्यावेत. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावे लागते. तिथे जाण्याआधी तुम्ही बायांनी कागदाचे प्रत्येक अक्षर वाचा. हळू वाचता येत असेल तर हळू वाचा. बाहेर गाडी उभी आहे म्हणून घाई करू नका. गाडी थांबते. जी बहीण "मला वाटा पाहिजे" म्हणते तिच्यासाठीही माहेरचे दार उघडे राहिले, तर ते माहेर. सहीवर टिकणारे माहेर कसले?

आणखी एक सांगून पुढे जातो. समजून घ्या, ऐका, बोला, हे मी सांगतो, पण मार खाऊन समजून घ्या असे सांगत नाही. घरात मारहाण होत असेल तर ते नवरा-बायकोचे आपसातले नव्हे. २००५ साली त्यासाठी कायदा झाला, २००६ पासून तो लागू आहे. बाईला घरात राहण्याचा हक्क त्यात आहे, संरक्षणाचा हुकूम मागता येतो. ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा बायांच्या मदतीचा नंबर वहीत लिहून ठेवा. आत्ताच लिहा.

लिहिलेत? बरे.

आता इतका वेळ दुसऱ्यांचे सांगितले. माझेही सांगतो. वर्गाच्या बाईंना हे ठाऊक नाही.

माझे लग्न झाले तेव्हा मी नुकताच शिक्षक झालो होतो. बायको शिकलेली नव्हती. तिचा भाऊ मुंबईला गिरणीत होता. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, त्यात त्याचे काम गेले. तो गावाकडे आईजवळ येऊन राहिला. बहिणीला पत्र लिहायचा. निळे आंतरदेशीय पत्र. त्यावर नाव तिचे असायचे, पण फोडायचो मी. संध्याकाळी ती चुलीपुढे बसायची आणि मी दारात बसून वाचून दाखवायचो. ती भाकरी थापता थापता ऐकायची. वाचून झाले की पत्र ती आपल्या ट्रंकेत ठेवायची. वाचता येत नव्हते तरी एकही पत्र तिने टाकले नाही.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. पुढे चार-दोन वर्षांनी आमच्याकडे रात्रीचे वर्ग निघाले. ती जाऊ लागली. गावाच्या पोरांना शिकवणारा मी, पण घरात पाटी मी कधी दिली नव्हती. वेळ नव्हता असे म्हणायचो. वेळ होता.

वर्ष-दीड वर्षाने, दिवाळीच्या सुट्टीत, मी ओट्यावर बसलो होतो. ती ट्रंकेतली पत्रे घेऊन आली. एक पत्र माझ्यापुढे ठेवले आणि एका ओळीवर बोट ठेवले. म्हणाली, "हे तुम्ही मला वाचून दाखवलं नव्हतं."

मी वाचले. भावाने लिहिले होते, आई अंथरुणावर आहे, तुझी फार आठवण काढते, चार दिवस येऊन जा.

मला आठवले. ते पेरणीचे दिवस होते. माझे आईवडील म्हातारे, घरात दुसरी बाई नव्हती. ती गेली असती तर घर अडले असते. मी ती ओळ गाळली. खोटे काही वाचले नाही, फक्त एक ओळ गाळली. मनाला सांगितले, उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? सासूबाई त्या दुखण्यातून उठल्या. पुढे दोन वर्षांनी वारल्या, तेव्हा ही जवळ होती. म्हणून मी म्हटले, "अगं, पण आई बऱ्या झाल्या ना तेव्हा? शेवटी भेटही झाली."

ती म्हणाली, "भेट झाली. पण दोन वर्षं आईला वाटत राहिलं असंल ना, की पोरीला कळवलं तरी पोरगी आली नाही."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. कोणाचे दुःख कोणी किती सोसायचे, हे तिचे तिला ठरवू द्यायचे होते. मी तिच्या रानात नांगर घातला होता, आणि तोही तिच्या भल्याचे नाव सांगून.

ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "इथून पुढं माझं पत्र आलं तर बंदच माझ्या हातात द्या. मला अडलं तर मी विचारीन."

खरे सांगतो, मला राग आला. मी शिकलेला, ती काल शिकलेली, आणि मला अट घालते! आठ-दहा दिवस मी घरात नीट बोललो नाही. मग एक दिवस पोस्टमन शाळेतच तिचे पत्र देऊन गेला. दिवसभर ते माझ्या खिशात होते. संध्याकाळी मी ते तसेच, बंद, तिच्या हातात दिले.

ती दिव्याजवळ बसली. अक्षराला अक्षर लावत अर्धा तास वाचत होती. मी उगाच आत-बाहेर करत होतो. मधेच तिने हाक मारली, "अहो, हे काय लिहिलंय? प्रॉ... व्हि..." मी म्हटले, "प्रॉव्हिडंट. प्रॉव्हिडंट फंड. गिरणीत कापून घेतलेले पैसे असतात ते." ती "बरं" म्हणाली. तिने पत्रावर हात आडवा धरला नव्हता, पण मी खाली बघितले नाही. पुन्हा ओट्यावर जाऊन बसलो.

वाचून झाल्यावर ती बाहेर आली. माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ऐका, वाचून दाखवते." आणि तिने मला ते पत्र वाचून दाखवले. भावाचे पैसे मिळायचे आहेत, म्हैस व्याली आहे, धाकटा पोरगा चालायला लागला आहे.

काही ओळी तिने गाळल्याही असतील. मी विचारले नाही.